आधी वागणं सुधारायचं की आधी मूल शांत करायचं?

मूल कान दाबून जमिनीवर लोळतंय, किंचाळतंय. एक थेरपिस्ट म्हणते, "लक्ष देऊ नका, नाहीतर सवय लागेल." दुसरी म्हणते, "दिवा मंद करा, शेजारी बसा, बोलू नका." दोघीही अनुभवी आहेत. मग स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईबाबांनी ऐकायचं कुणाचं?

पहिलीच्या सल्ल्यामागे एबीए, म्हणजे वर्तनावर आधारलेली पद्धत आहे. वागण्याच्या आधी काय घडलं आणि नंतर मुलाला काय मिळालं, याची नोंद ठेवायची आणि हवं ते वागणं बक्षिसाने पक्कं करायचं. ही पद्धत गाजली ती मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासामुळे. आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं नेहमीच्या वर्गात पुढे गेली, असं त्यांनी मांडलं. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि त्या काळच्या उपचारात मोठ्याने दरडावणं, मांडीवर चापट मारणं हेही होतं. आज चांगल्या ठिकाणी शिक्षा नसते, शिकवणं खेळातून चालतं. दात घासणं, शौचाला जाणं, हवी ती वस्तू मागणं अशी कामं छोट्या पायऱ्यांत शिकवायला ही पद्धत मला अजूनही भक्कम वाटते.

दुसरी वाट भावनांपासून सुरू होते. स्टॅन्ली ग्रीनस्पॅन आणि सेरेना वीडर यांचं फ्लोरटाइम, म्हणजे जमिनीवर बसून मुलाच्या खेळात सामील होणं, किंवा आवाज, उजेड आणि मागण्या कमी करून ताण उतरवणारी 'लो अराउझल' पद्धत ही तिची उदाहरणं. इथे वागणं हा निरोप मानतात: काहीतरी सोसवत नाहीये. २०१३ साली डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने आवाज, स्पर्श, उजेड यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे ऑटिझमच्या निकषांत घेतलं, तेव्हा या म्हणण्याला बळ मिळालं. उणं हे, की या पद्धतींच्या मागे पुरावा कमी आहे, प्रगती मोजणं अवघड जातं, आणि शिकवणारी व्यक्ती कच्ची असेल तर महिनोन्‌महिने नुसतं खेळणंच चालू राहतं.

निवड करण्याआधी एक फरक ओळखता यायला हवा: हट्ट आणि मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं. हट्टात मूल मध्येच आपल्याकडे बघतं आणि वस्तू मिळाली की बहुधा थांबतं. मेल्टडाउनमध्ये वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, लागल्याचं भान राहत नाही, आणि नंतर मूल गळून जातं, कधी झोपतं. हट्टाचं मेल्टडाउन होऊही शकतं, म्हणून एकाच प्रसंगावरून ठरवू नका. दोन आठवडे वेळ, जागा, आवाज, भूक, झोप लिहून ठेवा.

हट्टाला 'लक्ष देऊ नका' चालेलही. मेल्टडाउनमध्ये तोच सल्ला मुलाला एकटं पाडतो. त्या क्षणी ते काही शिकू शकत नाही; बक्षीसही नाही, समजावणंही नाही. इथे मी निःसंशय दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. 'ओरडलं नाही तर स्टिकर' ही युक्ती तर मला धोक्याची वाटते. काही मुलं दिवसभर सगळं दाबून धरतात आणि घराचं दार लागलं की कोसळतात. मग "आमच्याकडे तर छान वागतो" हे ऐकून आईच अपराधी ठरते.

भावना ओळखायला शिकवतानाही दोन वाटांत फरक पडतो. स्वमग्न व्यक्तींपैकी साधारण निम्म्यांना स्वतःची भावना ओळखून सांगणं जड जातं. त्यामुळे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं पाठ करून घेतली, तरी आपल्या आत काय चाललंय हे मुलाला कळेलच असं नाही. "राग आला का?" पेक्षा "छाती धडधडतेय का? हात घट्ट झालेत का?" हे विचारणं, तेही मूल शांत असताना, अधिक उपयोगी पडतं. बोलत नसेल तर चित्र दाखवायची सोय हवी.

पहिल्या वाटेच्या बाजूने मात्र एक ठोस गोष्ट आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ३ ते ७ वयाच्या १८० मुलांचे पालक होते. २४ आठवड्यांनी, नुसती माहिती मिळालेल्या पालकांनी मुलांची चिडचिड सुमारे ३२ टक्के घटल्याचं सांगितलं. वर्तन हाताळायचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळालेल्यांनी ४८ टक्के. म्हणून पद्धत कोणतीही असो, दार बंद करून फक्त मुलाला आत घेणाऱ्या ठिकाणापेक्षा तुम्हालाही शिकवणारं ठिकाण निवडा.

वागणं अचानक बिघडलं असेल तर थेरपी बदलण्याआधी दात, कान आणि बद्धकोष्ठ तपासून घ्या. दुखतंय हे सांगता न येणारं मूल डोकं आपटतं. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल ही औषधं तीव्र चिडचिडीसाठी दिली जातात, ऑटिझमसाठी नव्हे. वजन वाढतं, झोप येते, म्हणून डॉक्टरांशी नीट बोलूनच.

भेटीला जाल तेव्हा थेरपिस्टला एवढं विचारा: मूल 'नको' म्हणालं तर तुम्ही काय करता? हात हलवणं, गोल फिरणं असं मूल स्वतःला सावरायला जे करतं, ते थांबवणं हे तुमचं उद्दिष्ट आहे का? पहिल्या प्रश्नाला "ते शेवटी करतंच" आणि दुसऱ्याला "हो" असं उत्तर आलं, तर मी तिथे मूल ठेवणार नाही. उत्तरं पटली, तरी पहिले काही आठवडे मुलाकडे बघा: त्या दारापाशी पोचल्यावर ते तुमचा हात सोडून आत जातं, की तो आणखी घट्ट धरतं.