माजी सैनिकाच्या वयोवृद्ध पत्नीसाठी: कुटुंब निवृत्तिवेतन की पेन्युरी ग्रँट?

माजी सैनिकाच्या निधनानंतर त्याच्या वृद्ध पत्नीच्या चरितार्थासाठी प्रामुख्याने दोन मार्ग असतात: संरक्षण खात्याचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि केंद्रीय सैनिक मंडळाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे गरजूंसाठीचे मासिक अर्थसाहाय्य. पहिल्यावर हक्क असताना केवळ माहितीअभावी दुसरीसाठी अर्ज करणे फार महागात पडते. त्यामुळे कोणताही अर्ज भरण्यापूर्वी घरात जपून ठेवलेले डिस्चार्ज बुक (लष्करातून सेवामुक्त होताना मिळालेली पुस्तिका) काढून त्यातील सेवेच्या नोंदी नीट वाचाव्यात.

जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणतः 15 वर्षांची सेवा लागते. मात्र जुन्या काळी काही वर्षे प्रत्यक्ष सेवा करून पुढची वर्षे राखीव दलात काढणाऱ्यांना दोन्ही कालावधी मिळून 15 वर्षे भरल्यास रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळत असे, आणि 'ते लवकर घरी आले होते' एवढ्याच आठवणीवर विसंबून कुटुंबीय ही शक्यता सोडून देतात.

सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असते आणि ते दरमहा किमान 9,000 रुपये मिळते. त्यावर महागाई भत्ता वेगळा. वय 80 झाल्यावर मूळ रकमेत 20 टक्के, 85 ला 30 टक्के आणि 90 ला 40 टक्के वाढ होते, म्हणजे किमान निवृत्तिवेतन घेणाऱ्या 85 वर्षांच्या आजींची मूळ रक्कम 11,700 रुपये होते. पत्नीला इतर उत्पन्न असले तरी हा हक्क जात नाही, शिवाय ईसीएचएस या माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचे दारही निवृत्तिवेतनामुळे उघडते. पतीचा मृत्यू लष्करी सेवेशी निगडित कारणाने झाला असेल, तर 60 टक्क्यांचे विशेष कुटुंब निवृत्तिवेतन लागू होऊ शकते. त्यामुळे पतीला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळत असल्यास मृत्यूच्या दाखल्यावरील कारण अवश्य तपासावे.

पेन्युरी ग्रँट ही हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंतच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकांसाठी व त्यांच्या विधवांसाठी असते. वय 65 च्या पुढे आणि नियमित उत्पन्न नसणे आवश्यक असते. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना दरमहा 8,000 रुपये लागू आहेत, पूर्वी ही रक्कम 4,000 होती. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होतो. ज्यांच्याकडे दुसरा आधार नाही त्यांच्यासाठी ही मदत मोलाची आहे; परंतु ती मंजुरीवर अवलंबून असलेले साहाय्य आहे, निवृत्तिवेतनासारखा हक्क नव्हे.

निवृत्तिवेतनाच्या मार्गात खरा अडथळा येतो तो नावाचा. लष्करी नोंदीत माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे आणि बँकेत तिसरेच, असे आपल्याकडे सर्रास आढळते. जुन्या पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशावर, पत्नीची जन्मतारीखच नसल्याने ऐंशीनंतरची वाढही अडकून पडते. ही दुरुस्ती प्रतिज्ञापत्रासह संबंधित रेकॉर्ड ऑफिसमार्फत करून घ्यावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगावला आहे. आजींना स्वतः हेलपाटे घालायला लावू नयेत, मुलांनी किंवा नातवंडांनी हे काम जिल्हा कार्यालयाच्या मदतीने अंगावर घ्यावे.

पतीने लष्करानंतर सरकारी नोकरी केली असेल, तर 24 सप्टेंबर 2012 पासून लष्करी आणि नागरी अशी दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतने घेता येतात; एकच सुरू असल्यास दुसऱ्यासाठी आजही मागणी करावी.