ट्विन ऑटरचं स्कीवालं किट: विमान झकास, संशोधन गायब

माझा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, त्यामुळे साच्यातून निघालेल्या मालाकडे मी जरा खडूसपणेच बघतो. ट्विन ऑटर या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचं हे १:७२ मापाचं, घरी जोडायचं प्लॅस्टिकचं किट रावपुऱ्यातल्या दुकानदाराने मागवून दिलं. २,४०० रुपये. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना बडोद्यात आल्यापासून विमानांचं गिऱ्हाईक वाढलंय म्हणे.

माप चोख. खऱ्या विमानाचे पंख १९.८ मीटर, भागिले ७२ म्हणजे साडेसत्तावीस सेंटीमीटर. पट्टी लावली, बरोबर भरलं. दोन्ही अर्धुकांची सांधही घट्ट बसते, फट बुजवायची लांबी (पुटी) जवळजवळ लागतच नाही.

घोळ आहे तो स्कीमध्ये, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्ट्यांमध्ये. कंपनीने त्या भरीव दिल्यात. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या अंटार्क्टिकावर संशोधन करणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या विमानांना स्की आणि चाकं दोन्ही असतात; चाक स्कीच्या फटीतून खाली येतं. त्यांच्या रॉथेरा तळावरची ९०० मीटरची धावपट्टी खडीची आहे, आणि पुढे उतरायचं बर्फावर. नुसत्या स्कीवर भागणार कसं? मी हँडपीसला, म्हणजे कवळ्या घासायच्या हातयंत्राला, बारीक बर (कोरायचं टोक) लावून फटी कोरल्या आणि सुट्या भागांच्या डब्यातली चाकं आत बसवली. बर हळू फिरवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून परत चिकटतं.

दुसरी उणीव जास्त खुपते. खोक्यावर 'संशोधन विमान' छापलंय, पण आत संशोधनाचं एकही उपकरण नाही. खऱ्या विमानाच्या पंखांखाली रडारचे अँटेना लटकतात. रेडिओलहरी बर्फ भेदून तळाच्या खडकावरून परततात, त्यावरून जाडी काढतात. चुंबकत्व मोजणारी यंत्रं पंखांच्या टोकाला, इंजिनांपासून लांब, म्हणजे त्यांच्या लोखंडाचा त्रास नको. २००८-०९ मध्ये अशाच ट्विन ऑटरांनी पूर्व अंटार्क्टिकातल्या गामबुर्त्सेव पर्वतरांगेचा नकाशा काढला. अख्खे डोंगर, सगळे बर्फाखाली गाडलेले! एवढा पराक्रम असताना चार अँटेना द्यायला काय जात होतं? मी कवळीच्या क्लास्पची (दाताला धरणाऱ्या आकड्याची) तार वाकवून केले.

डेकल (चिकटवायची छापील चिन्हं) पातळ पण चिवट, न फाटता बसतात. लाल रंग पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत पांढुरका पडतो. दिवाळीनंतर घ्या.

हात बसलेल्यांनी जरूर घ्यावं. दहा-बारा वर्षांच्या पोराला मात्र देऊ नका. खिडक्यांच्या काचा तांदळाएवढ्या आहेत आणि जादा एकही दिलेली नाही. पाचपैकी साडेतीन.