नागपुरातल्या मानेवाड्याचा शुगरचा दवाखाना: ४ स्टार, एक का कापला ते वाचा

बाबांची शुगर १२ वर्षांची, त्यात बीपी. मागच्या हिवाळ्यात तीन महिन्यांची ॲव्हरेज (एचबीए१सी) ९.८ वर गेली. आधीच्या मोठ्या दवाखान्यात दर वेळी इन्सुलिनचे युनिट वाढवून देत होते आणि पथ्य पाळत नाही म्हणून वरून ऐकवत होते. अरे पण माणूस जेवतच नव्हता धड, घरी सांबारवडी केली तर हात लावला नाही, पानठेल्यावर जाणं बंद, फिरणं बंद, गोळी घेतली का विचारलं की नुसतं हो. आम्हाला वाटलं शुगरचाच थकवा असेल.

मग शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून इथे आलो. इथे शुगर-बीपीच्या नव्या पेशंटकडून सिस्टर ९ प्रश्नांचा कागद भरून घेते, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, डिप्रेशन आहे का ते बघायला. मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का वगैरे, २७ पैकी मार्क, १० किंवा वर आले की डॉक्टर स्वतः बसून बोलतात. पण हे प्रश्न सिस्टरने काउंटरवर, भरलेल्या वेटिंगसमोर मोठ्यांदा वाचले ना बाप्पा! मेलेलं बरं असं वाटतं का, याला बाबा चारचौघांत काय सांगतील, नाही म्हणाले. स्टार इथेच कापला. आत गेल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तेच परत विचारलं तर उत्तर वेगळं निघालं, मार्क १६. मग बाबांना विचारूनच मला बोलावलं आणि इन्सुलिन, गोळ्या सगळं सध्या तुमच्या ताब्यात ठेवा म्हणाले. रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पण लिहून दिला, फुकट आहे तो.

डिप्रेशनची छोट्या डोसची गोळी सुरू केली, सुरुवातीला मळमळेल, फरक पडायला महिना लागू शकतो, मनाने बंद करायची नाही, हे तीनदा सांगितलं. नाहीच जमलं तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सायकिॲट्रीत पाठवतो म्हणाले, तशी वेळ आली नाही. खरी कमाल म्हणजे दर पंधरा दिवसांनी सिस्टरचा फोन, काका चालून राहिले का, झोप कशी, शुगर किती. तीन महिन्यांनी मार्क ७ आणि ॲव्हरेज ८.१. इन्सुलिन तेवढंच आहे बरं का.

पार्किंग नाही, सोमवारी तर जाऊच नका. आणि कागद आत बसून भरतो म्हणून आधीच सांगा, दुसऱ्या वेळी आम्ही सांगितलं तर सिस्टर लगेच हो म्हणाली.