दुसरं बाळंतपण सरकारी आरोग्य केंद्रात, आणि त्यानंतरचं 'अंतरा'

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी होते, खासगी हॉस्पिटलात. या खेपेला सासरीच राहिले, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, आणि सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रातच केलं. मुलीला नऊ महिने पूर्ण झाले, गोवर-रुबेलाची लसही झाली. पाळणा लांबवण्यासाठी मी तिथलंच 'अंतरा' इंजेक्शन घेते. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल तर सरकारीत खुशाल जा, असं माझं मत झालंय. पण काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

आशाताईंनी बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून घेतलं आणि माता-बाल संरक्षण कार्ड हातात दिलं. दर तपासणीला वजन, बीपी, हिमोग्लोबिन, सगळं त्यावर चढतं. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याच्या वर गेलं तर पुढचे उपचार. लोहाच्या गोळ्या पहिल्या वेळी मी नुसत्याच आणल्या होत्या. यावेळी सिस्टरनी समोर बसवून सांगितलं, "ही चहाबरोबर घ्यायची नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. दोन्हींत दोन तास जाऊ द्या." एवढ्याशा गोष्टीनं फरक पडतो, आणि तेवढं सांगायला खासगीत कुणाला वेळ नव्हता.

सोनोग्राफी मात्र केंद्रात होत नाही. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करायला तालुक्याला जावं लागलं, तिथे गर्दी आणि बसायला बाकडं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती तारीख चुकवू नका, त्या दिवशी शंका नीट विचारता येतात.

प्रसूती नॉर्मल झाली. १०२ ची गाडी न्यायला आली आणि घरी सोडायलाही. औषधं, रक्ततपासण्या, जेवण, कशालाच पैसे लागले नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे २०११ पासून आपल्या हक्काचं आहे, उपकार नाहीत. सासूबाई मधाचं बोट लावायला पुढे आल्या, तेव्हा सिस्टरनी त्यांना दुखावेल असं काही न बोलता थांबवलं आणि बाळाला तासाभरात माझ्या अंगाशी दिलं. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरल्याप्रमाणे येत राहिल्या. बाळाचं वजन, ताप, नाळ आणि माझे टाके बघून जायच्या. मला याचा जेवढा आधार वाटला तेवढा कशाचाच नाही.

आता कुटुंब नियोजनाचं. दोन मुलं झाली की घरीदारी एकच ऐकू येतं, "ऑपरेशन उरकून टाक." मला इतक्यात ते नको होतं. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, पण तिच्याबद्दल मला विचारलं कधी, तर ऐन कळा सुरू असताना, शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर. हे अजिबात पटलं नाही. हा विषय सातव्या महिन्यातच, नवरा-बायकोला शांतपणे बसवून काढायला हवा.

दीड महिन्याच्या तपासणीला मात्र डॉक्टर मॅडमनी पुरेसा वेळ दिला. ह्यांनाही आत बोलावलं. पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीबद्दल सांगितलं आणि त्यानंतरही तीन महिने निरोध वापरावा लागतो, मग तपासणी करून खात्री करायची, हेही सांगितलं. 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. दोन लेकरांच्या धबडग्यात वार लक्षात राहणार नाहीत म्हणून मी 'अंतरा' निवडलं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं, मोफत. सिस्टरनी आधीच बजावलं होतं: पाळी अनियमित होईल, मधेच डाग दिसतील, पुढे बंदही होईल, घाबरू नका. सुईची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. आणि पुन्हा मूल हवं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पाळीचं तर अगदी तसंच झालं. सुरुवातीला डाग, आता पाळी नाही. माझ्या जाऊबाईंनी हेच इंजेक्शन दुसरीकडे घेतलं होतं. तिथे कुणी काहीच सांगितलं नाही, रक्तस्राव बघून त्या घाबरल्या आणि सोडून दिलं. औषध तेच होतं!

एकदा डोसच्या तारखेला साठा संपला होता. जीव टांगणीला लागला. तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येतं हे 'अंतरा'च्या कार्डावर वाचलं तेव्हा बरं वाटलं, आणि आशाताईंनी उपकेंद्रातून सोय करून दिली. पण ही धावपळ बाईनं करायची नसते, साठा आधी मागवायला हवा.

मातृवंदना योजनेत दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. आमचे बरेच रखडले, कारण खातं आधारला जोडलेलं नव्हतं. नाव नोंदवायच्या आधीच बँकेत जाऊन ते करून घ्या, आणि माता-बाल कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.