लाटांसाठीचा लाँगबोर्ड म्हणून मला विकलेला खाडीतला भाड्याचा बोर्ड

सोलापूरहून मालवणचा किनारा गाठायचा तर सांगोला, मिरज, कोल्हापूर करत दिवस मोडतो. त्यामुळे सर्फिंगचा बोर्ड विकत घेण्याआधी तो लाटेवर घालून बघणं आमच्यासारख्यांना जमत नाही. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मला ज्यानं बोर्ड विकला त्यानं तर सगळा डाव याच अंतरावर रचला होता. त्याचं नाव इथे देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण त्यानं काय काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण त्याची रीत माहीत असली तर पुढचा माणूस वाचेल.

मला हवा होता तो सप, म्हणजे उभं राहून वल्हवायचा बोर्ड. पण तळ्यात फेरफटका मारायचा नव्हे, लाटांवर घसरायचा. त्यातही लाँगबोर्डच्या घडणीचा. कोकणातल्या लाटा पावसाळा सोडला तर बहुतेक वेळा लहान आणि मवाळ असतात. अशा लाटेवर आखूड बोर्ड रखडतो, लांब आणि गोल नाकाचा बोर्ड मात्र लवकर पकड घेतो. हातात पॅडल असल्यामुळे लाट फुटायच्या आधीच तिच्यावर चढता येतं. माझं वजन ७८ किलो. कर्नाटकातल्या मुल्कीजवळ शिकताना तिथल्या प्रशिक्षकानं आकडे सांगितले होते: लांबी ९ ते १० फूट, रुंदी २८ ते ३१ इंच, जाडी ४ इंचांच्या आसपास, घनफळ १२० ते १४० लिटर, वजन ८ ते १० किलो. खाली मधोमध मोठा फिन (बोर्ड सरळ ठेवणारं पातं) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे फिन.

मे महिन्यात एक जाहिरात दिसली. गोव्याकडचा विक्रेता, दुकान असल्याचं सांगणारा. १० फूट, ३० इंच, १४० लिटर, ९ किलो, ‘एकच सीझन वापरलेला’, किंमत ४२,००० रुपये. आकडे इतके चपखल की जणू माझ्यासाठीच लिहिले होते. आता विचार केला तर ते कुठल्याही चांगल्या बोर्डच्या माहितीपत्रकातून उचलता येतील असेच आकडे आहेत. ‘दादा, पावसाळ्याआधी गोडाऊन रिकामं करायचंय, म्हणून एवढ्यात देतोय,’ असं तो म्हणाला. या वाक्यात खोटं काही नव्हतं. किनाऱ्यावर बोर्ड भाड्यानं देणारे सीझन संपताना जुने, मार खाल्लेले बोर्ड काढून टाकतातच. आणि मे महिन्यात बोर्ड विकला की समुद्र पुढचे चार महिने कुणाच्या उपयोगाचा नसतो. गिऱ्हाईक तो खऱ्या लाटेवर घालणार ऑक्टोबरात, तोवर विकणारा मोकळा.

फोटो मागितले तर भरपूर आले. सगळे शेपटाकडून, कॅमेरा जमिनीलगत धरून काढलेले. असा फोटो काढला की दहा फुटी बोर्ड भाल्यासारखा लांब आणि निमुळता दिसतो, रुंदीचा अंदाजच येत नाही. टेप लावून फोटो मागितला तर लांबीवर टेप धरलेला फोटो आला, बरोबर १० फूट. रुंदीचा फोटो ‘पाठवतो’ म्हणाला आणि दुसऱ्याच विषयावर गेला. सोबत एक व्हिडिओ होता, त्यात एक जण लाटेवर चालत चालत बोर्डच्या नाकापर्यंत जातो. पाहून कुणाचंही मन भरेल. त्या व्हिडिओतला बोर्ड वेगळाच होता, हे नंतर एकेक चित्र थांबवून पाहिल्यावर कळलं. त्याचं नाक आणि माझ्या बोर्डचं नाक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

१०,००० रुपये आगाऊ यूपीआयनं, बाकीचे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर, असं ठरलं. बिलाचं विचारलं तर ‘बिल केलं तर जीएसटी वाढेल, तुमचंच नुकसान.’ बिल्टीचा फोटो आला, पण कापलेला. ट्रान्सपोर्टचा शिक्का आणि नंबर एवढंच दिसत होतं. नंबर खरा होता, पैसे गेले.

बोर्ड जुन्या पुणे नाक्याजवळच्या गोडाऊनला उतरला. भाडं ‘टू पे’ होतं, तेही मीच भरलं. हमालांनी बाहेर काढून भिंतीला टेकवला आणि एकानं विचारलं, ‘दरवाजा हाय का काय हो हे?’ त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती म्हणायची. रंग नवाकोरा, पांढरा, वर निळा पट्टा, एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं स्टिकर. बोर्डवर सहसा लांबी, रुंदी, जाडी आणि लिटर हे आकडे तळाशी किंवा शेपटाजवळ छापलेले असतात, अनुक्रमांकही असतो. इथे ती सगळी जागा सफाईनं रंगवलेली होती. हीच पहिली ठळक खूण, आणि ती फोटोतूनही ओळखता येते. आकड्यांची जागा जवळून दाखवा असं सांगायचं. दाखवली नाही की विषय संपला.

घरी टेप लावला. रुंदी ३३ इंच, मधली जाडी ५ इंच. लांबी तेवढी खरी होती. फोन केला तर म्हणे, ‘दादा, ३३ म्हणजे अजून स्थिर, लोक जास्त पैसे देतात त्याला.’ लिटरचा अंदाज घरीच काढता येतो. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि हजारानं भागायचं. नाक आणि शेपूट निमुळतं असतं, कडा गोल असतात, म्हणून येणाऱ्या आकड्याच्या साधारण ५५ ते ६० टक्के धरायचे. माझा हिशेब १८० ते १९५ लिटरमध्ये आला. १४० कुठे आणि हे कुठे!

पत्र्याच्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवल्यावर शेपटाजवळ रंगाखाली फुगा आला. याचं कारण समजून घ्या, कारण सोलापूरच्या मे महिन्यात ते महत्त्वाचं आहे. अशा बोर्डचं पोट थर्माकोलचं असतं आणि त्यावर फायबर व इपॉक्सीचं कवच. उन्हात आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूला, एक बारीक छिद्र ठेवतात, त्याला व्हेंट म्हणतात. माझ्या बोर्डचा व्हेंट पुट्टी भरून, घासून, रंगवून टाकला होता. हवेला वाट नाही, बाहेर ४३ अंश, मग ती कवचच थर्माकोलपासून सोडवते. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘तुमच्या सोलापूरचं ऊनच तसलं, माझ्याकडे असताना ठणठणीत होता.’ त्यात अर्धं खरं होतं, त्यामुळे भांडायलाही शब्द सुचेनात. शाबूत व्हेंट असलेला बोर्डही आपल्याकडे पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये, ते वेगळं.

पाऊस झाल्यावर बोरामणीकडे एका मित्राच्या शेततळ्यात बोर्ड घातला. ‘फिन काढ आधी, तळ्यात अंथरलेला कागद फाटला तर तुझ्याकडून नवा घेईन,’ असं तो काठावरून ओरडला, त्यामुळे मधला मोठा फिन काढूनच. आणि बोर्ड काय सुंदर चालला! हलत नाही, डुलत नाही, मित्राच्या वडिलांनीही एक फेरी मारली. साठी उलटलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा सपवर उभा राहिला आणि पडला नाही. मी विक्रेत्याबद्दलचे सगळे संशय बाजूला ठेवायच्या बेतात होतो.

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट इथे आहे. साचलेल्या पाण्यात बोर्ड चांगला चालला याचा अर्थ तो लाटेवर चालेल असा होत नाही. बऱ्याचदा उलटंच असतं. रुंद, जाड, सपाट तळाचा बोर्ड तळ्यात स्थिर आणि सरळ चालतो, म्हणून तो पर्यटकांना भाड्यानं द्यायला उत्तम. लाटेवर मात्र बोर्ड एका कडेवर कलंडायला हवा आणि ती कड लाटेच्या भिंतीत रुतायला हवी, तेव्हा तो वळतो. जाड चौकोनी कड पाण्यात रुततच नाही, बुचासारखी वर उसळते. लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसू नये म्हणून ते थोडं वर उचललेलं असावं लागतं, या बाकाला रॉकर म्हणतात. सपाट जमिनीवर बोर्ड ठेवून नाकाखाली किती उंची सुटते ते बघितलं की समजतं. माझ्या बोर्डखाली जेमतेम मूठ जात होती. तळ्यात रॉकर नसणं हा गुण, कारण पाणी कमी ढकलावं लागतं. तेव्हा ‘तळ्यावर चालवून बघा आणि मग बोला’ असं कुणी म्हणालं तर ती खात्री समजू नका, तो पळवाटेचा भाग असू शकतो.

ऑक्टोबरात मालवणच्या बाजूला गेलो. पहिल्याच कमरेएवढ्या लाटेवर नाक खाली गेलं आणि मी बोर्डच्या पुढे. परत परत तेच. वळवायला गेलो की शेपूट घसरायचं, बोर्ड किनाऱ्याकडे सरळ निघायचा. मग उजवीकडचा छोटा फिन निघून वाहून गेला. काढून पाहिलं तर बाजूच्या फिनांना खाचाच नव्हत्या. मुळात तो एकाच फिनचा बोर्ड. बाजूचे दोन फिन फोटोत दिसावेत म्हणून एम-सीलनं डकवले होते! हे तपासायला पाणी लागत नाही: फिन बाहेर काढून रिकाम्या खाचांचा फोटो मागायचा. ‘मोफत’ दिलेली लीशही (बोर्ड पायाला बांधायची दोरी) फोनच्या जुन्या वायरसारखी वेटोळ्यांची होती. ती शांत पाण्यासाठी ठीक. लाटांत सरळ, बोर्डच्या लांबीची लीश लागते, वेटोळ्यांची ताणली की बोर्ड उलटा अंगावर येतो. लाटांचा बोर्ड विकणारा माणूस सोबत ती लीश देत नाही.

तिथे बोर्ड दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी एक रुपयाचं नाणं घेऊन डेकवर टकटक करत फिरवलं. कवच घट्ट असलं की आवाज टणक येतो, सुटलं असलं की पोकळ. शेपटापासून मधल्या मुठीपर्यंत पोकळ. ‘हो बोर्ड लाटांचो नाय, खाडीत फिराक बरो,’ एवढं बोलून त्यांनी पॉलिश कागदानं रंग घासायला घेतला. पांढऱ्या रंगाखाली गाडीच्या डेंटिंगची पुट्टी, पुट्टीखाली पिवळा रंग, आणि पिवळ्यावर ठसठशीत आकडा: १४. भाड्याच्या ताफ्यातला चौदावा बोर्ड. पुट्टीच्या भेगांतून पाणी आत शिरलेलं होतंच. काका म्हणाले, आता वजन करून बघा.

परत आल्यावर मार्केट यार्डात ओळखीच्या आडत्याच्या काट्यावर, कांद्याच्या गोण्यांच्या मध्ये, बोर्ड चढवला: १५ किलो ४०० ग्रॅम. मग ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन मेमधल्या बिल्टीची पूर्ण प्रत काढली. त्यात लिहिलं होतं: जुना फायबर बोर्ड, वजन १४ किलो, मालाची किंमत ३,००० रुपये. म्हणजे विक्रेत्यानं खरं एकाच ठिकाणी सांगितलं होतं आणि फोटो कापताना नेमका तोच भाग कापला होता. तुम्ही कुठूनही असं काही मागवलंत तर उरलेले पैसे द्यायच्या आधी बिल्टी अख्खी मागा. वजनाचा आणि किमतीचा रकाना वाचा.

त्यानं माझा नंबर ब्लॉक केला. शेवटचा निरोप होता, ‘पाण्यात वापरलेला माल परत नाही.’ पैसे घेऊन कुणी गायब झालं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं असतं, जितकं लवकर तितकं बरं. माझ्याकडे माल आला होता, सांगितलेला आला नव्हता. अशा वेळी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता परराज्यात असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून मी सोलापुरात केली. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मात्र समोरचा धंदा म्हणून विकणारा असावा लागतो, एखाद्यानं घरातली वापरलेली वस्तू विकली तर हा मार्ग चालत नाही. बिल नसलं तरी चॅट, यूपीआयची नोंद, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि बिल्टी जोडता येते. चॅट फोनमधून उडण्याआधी बाहेर काढून ठेवा.

नवी जाहिरात परवा पुन्हा दिसली. फोन नंबर दुसरा, किंमत ३८,०००, आकडे तेच: १० फूट, ३० इंच, १४० लिटर, ९ किलो. फोटोही माझ्याच बोर्डचे, जो आत्ता माझ्या पत्र्याच्या खोलीत उभा आहे. म्हणजे आता ३८,००० ला नेमका कुठला बोर्ड पाठवणार आहेत कोण जाणे. पांढरा रंग, निळा पट्टा, शेपटाकडून काढलेले फोटो आणि नाकापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचा व्हिडिओ दिसला तर एक पैसाही आगाऊ पाठवू नका.