पट्टकृमी: आतड्यातला बरा की मेंदूतला?

डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, म्हणजे टीनिया सोलियम, माणसाला दोन तऱ्हांनी छळतो.

अर्धकच्च्या मांसातली अळी पोटात गेली तर ती आतड्याला आकड्यांनी चिकटते आणि दोन-तीन मीटर लांब फीत होऊन राहते. त्रास बेताचाच. कधी पोट दुखतं, कधी शौचात पांढरे चपटे तुकडे दिसतात. प्राझिक्वांटेल या जंतनाशक औषधाच्या एका मात्रेत सहसा काम भागतं.

अंडी पोटात गेली तर मात्र गोष्ट वेगळी. ती येतात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांनी, मैलापाण्यावरच्या भाजीतून. अळ्या आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोचतात आणि तिथे गाठी होऊन राहतात. मेंदूतली गाठ कित्येक वर्षं गप्प असते. आतली अळी मरायला लागली की भोवती सूज येते आणि धडधाकट माणसाला अचानक फिट येते. मग घरचे कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, जे निव्वळ वेळ घालवणं आहे. एमआरआयमध्ये पाणीदार गाठीच्या आत अळीचं डोकं ठिपक्यासारखं दिसतं. उपचारही लांबतात: फिटच्या गोळ्या, स्टेरॉइड, डोळे तपासून मगच अळी मारणारं अल्बेंडाझोल.

शुद्ध शाकाहारी माणूस पहिल्या प्रकारातून सुटतो, दुसऱ्यातून नाही. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते, ही आपल्याकडची आवडती भीती खोटी आहे. पण त्याच कोबीच्या पानावर डोळ्यांना न दिसणारी अंडी असू शकतात.