चार फुटी काचेची टाकी: जुनी घेऊन दुरुस्त करावी की नवी बांधून घ्यावी?

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी घरात आणायचे ठरले की दोन वाटा समोर असतात. घर बदलणाऱ्या किंवा छंद सोडून देणाऱ्या कुणाकडून वापरलेली टाकी घ्यावी, किंवा मापे देऊन ॲक्वेरियमच्या दुकानातून नवी बांधून घ्यावी. पुढची तुलना याच मापाची आहे. दोन फुटी टाकीत जुन्या-नव्याच्या भावातला फरक इतका किरकोळ असतो की दुरुस्तीचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

काचेपुरते बोलायचे तर जुन्या टाकीला कमी लेखू नये. नुसत्या वयाने काच थकत नाही, आणि 12 मिमी काचेची जुनी टाकी ही 8 मिमी काचेच्या कोऱ्या टाकीपेक्षा केव्हाही बरी. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, तर उंचीवर अवलंबून असतो. दीड फुटाऐवजी दोन फूट पाणी भरले की समोरच्या काचेवरचा एकूण जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि चार फुटी काचेवर तो सव्वादोनशे किलोच्या आसपास जातो. म्हणून नव्या टाकीचा भाव फार स्वस्त वाटला तर आधी काचेची जाडी विचारावी, आणि जुनी पाहायला जाताना व्हर्निअर (जाडी मोजायचे साधन) सोबत नेऊन वरच्या काठावर स्वतः मोजावी. काठावरचा खोल टवका, कोपऱ्यातून निघालेली तड किंवा वरची आडवी काचेची आधारपट्टी सुटलेली दिसली तर भाव कितीही पडला तरी टाकी घेऊ नये. ओरखड्यांचे तसे नाही. आतले बारीक ओरखडे पाणी भरल्यावर बरेचसे दिसेनासे होतात, बाहेरचे मात्र कायम नजरेत राहतात. बोअरवेलचे पाणी वापरलेल्या टाकीत पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा पट्टा असतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले टिश्यू पेपर तासभर चिकटवून ठेवले की तो बहुतेक सुटतो, पण वर्षानुवर्षांच्या थराखाली काचच धुरकट झाली असेल तर ती चमक परत येत नाही.

खरा निर्णय सिलिकॉनपाशी, म्हणजे काचा जोडणाऱ्या रबरासारख्या चिकटपदार्थापाशी होतो. टाकीत सिलिकॉन दोन जागी असते. काचेच्या दोन कडांमधला पातळ थर टाकीला उभी धरतो, तर आतल्या कोपऱ्यांतली गोलसर पट्टी मुख्यतः त्या थराचे रक्षण करते. मी घेतलेल्या जुन्या टाकीत ही आतली पट्टी वरवर शाबूत वाटत होती, पण एका कोपऱ्यात ब्लेडचे टोक घालून उचलताच ती वीतभर फितीसारखी अलगद हातात आली आणि तिच्याखाली शेवाळाची हिरवी रेघ निघाली. अशी पट्टी घरी बदलता येते. मात्र कडांमधल्या थरात दुधी डाग किंवा बुडबुड्यांची रांग दिसली, तर टाकी पूर्ण उघडून पुन्हा जोडावी लागते. ते काम नवशिक्याने अंगावर घेऊ नये. अशा वेळी नवीच बांधून घेणे शहाणपणाचे.

जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे गळक्या जागी वरून बोट फिरवून केलेले ठिगळ टिकत नाही. आतली पट्टी चारही उभ्या कोपऱ्यांत आणि तळाच्या चारही बाजूंना संपूर्ण खरवडावी, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून मगच नवे सिलिकॉन भरावे. ते व्हिनेगरसारखा वास येणारे, ॲक्वेरियमसाठीचे असावे. बाथरूमचे बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक ठरू शकते. एका वेळी एकच कोपरा घ्यावा आणि साय धरण्याआधी टेप ओढून काढावी, नाहीतर कड फाटते. या मापाला दोन ट्यूब सहसा पुरतात, तरी तिसरी जवळ असू द्यावी. नंतर आठवडाभर टाकीला हात लावू नये.

वेळेच्या हिशोबात नवी टाकी सरळ पुढे जाते. जुनीला खरवडणे, सुकवणे आणि चाचणी धरून दोन-तीन आठवडे सहज लागतात, शिवाय तेवढे दिवस ती ठेवायला गॅलरी किंवा पार्किंगचा कोपरा हवा. नवी टाकी बांधून, सुकवून घरपोच येते. दुकानदाराकडून गळतीची हमी बिलावर लिहून घ्यावी. माशांसाठी थांबणे मात्र दोन्हीकडे सारखेच. टाकी कोरडी पडली की जुन्या फिल्टरमधले उपयुक्त जिवाणूही गेलेले असतात आणि पाणी मुरायला, म्हणजे ते जिवाणू वाढून पाणी माशांना मानवेल असे व्हायला, पुन्हा चार ते सहा आठवडे लागतात. विकणाऱ्याचा फिल्टर अजून चालू असेल आणि मासे निरोगी असतील, तर त्यातला स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून आणावा. जुन्या खरेदीतला हा एक लाभ नव्या टाकीला मिळत नाही.

भाव ठरवताना वाहतूक विसरली जाते. 12 मिमी काचेची ही रिकामी टाकीच सुमारे 78 किलोची असते. तिला चार माणसे, टेम्पो आणि सोसायटीच्या लिफ्टचे आधी घेतलेले माप लागते. हा खर्च, सिलिकॉन आणि नवा स्टँड धरून एकूण रक्कम नव्या टाकीच्या दोन तृतीयांशांवर जात असेल, तर मी जुनीच्या नादी लागणार नाही. विकणारे बहुधा स्टँड फुकट देतात, पण प्लायवूडचा स्टँड खालून फुगलेला असेल तर तो तिथेच सोडावा. भरलेल्या टाकीत सुमारे 340 लिटर पाणी असते आणि काच, वाळू, स्टँड धरून साडेचारशे किलोंचा भार सहा चौरस फुटांवर येतो, म्हणून दोन्ही पर्यायांत लोखंडी अँगलचा स्टँड आणि तुळईजवळची, भिंतीलगतची जागाच धरावी.

चाचणी नव्या टाकीचीही घ्यावी. लेव्हल तपासून आधी एक तृतीयांश, मग अर्धे आणि शेवटी काठोकाठ पाणी भरावे, भोवती वर्तमानपत्र पसरावे आणि दोन दिवस रोज सकाळी कागदावरची शाई कुठे फुटली आहे का ते पाहावे.